वितळलेलं झाकण

माझ्या मामाच्या गाडीत छताला जो छोटा लाईट असतो ना, त्याचं झाकण एका कडेनं वितळलंय. मेणबत्ती ओघळावी तसं. आणि मामा स्वतः गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. लोक गाडीत बसले की वर बघतात आणि हसतात, काय मामा, जगाचे दिवे लावता आणि स्वतःच्या गाडीत हे काय. मामा म्हणतो राहू दे. मी दर वेळी खिडकीबाहेर बघते, कारण ते झाकण कसं वितळलं ते मी पाहिलंय.

मामाचं गॅरेज म्हणजे एक शटर, एक बाकडं आणि डब्यांची एक भिंत. गाडीच्या आतले दिवे ही त्याची खासियत. छताचा, डिकीचा, मीटरमागचे बारीक बारीक. बाकीचे लोक झाकण उचकटून तोडतात, मामा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळतो, म्हणजे प्लास्टिकवर ओरखडा येत नाही. छताचा बल्ब केवढा, बोटाच्या पेराएवढा, दोन्ही टोकांना पितळी टोप्या, दोन पत्र्याच्या चिमट्यांत अडकवलेला. मामा तो रुमालात धरूनच काढणार. आणि त्याचा क्रम ठरलेला: आधी बल्ब, मग चिमटे, मग फ्यूज, मग वायर, मग दाराचा स्विच, शेवटी बॅटरी. हा क्रम मोडून कोणी मध्येच बॅटरी म्हटलं की त्याचं डोकंच फिरायचं.

मामी शेजारच्या टेलरकडून हातशिलाईचं काम घ्यायची. बटणं लावणं, पॅंटची दुमड शिवणं. टेलरच्या दुकानात जागा नाही, घर लांब, म्हणून संध्याकाळी सहाला ती मामाच्या गाडीत मागच्या सीटवर बसायची आणि शटर पडेपर्यंत छताच्या लाईटखाली शिवायची. मीही कॉलेज सुटलं की तिथेच जायचे. रेडिओ चालू, मामीच्या मांडीवर शर्टांचा ढीग, बाहेरून मामाचं कोणावर तरी ओरडणं. मला ते घरापेक्षा जास्त घर वाटायचं, खरंच.

तर एक दिवस मामी म्हणाली, "अहो, तुमचा लाईट म्हातारा झाला, तुमच्यासारखा." मामानं हसत बल्ब बदलला. पंधरा दिवसांनी परत तेच. परत बदलला. मग त्यानं चिमटे पॉलिश पेपरनं घासले. मग फ्यूज. मग छताचं कापड सोडवून आख्खी वायर नवी टाकली, एक रविवार त्यात गेला. मामी प्रत्येक वेळी म्हणायची, हां, आता बरंय. आणि थोड्या दिवसांनी परत मंद.

मग काळ्या पॅंटला निळा दोरा आला. टेलर कपडे घेऊन गॅरेजमध्ये आला, तोंड पाडून उभा. मामानं त्याला मामीशी बोलूच दिलं नाही. म्हणाला तिची काही चूक नाही, लाईट माझा आहे, दोष माझा आहे. मामी आत बसून ऐकत होती आणि तिला ते आवडलं होतं, मला दिसत होतं. सीटवर अगदी हाताशी पडलेलं रीळ मात्र ती चाचपून शोधत होती. तेही मला दिसत होतं.

त्या संध्याकाळी मी त्याच लाईटखाली माझ्या नोट्स वाचत होते, पेन्सिलनं लिहिलेल्या, फिकट. मी म्हटलं, मामा, मला तर सगळं स्वच्छ दिसतंय. मामा एकदम चिडला. "तुझे डोळे कोवळे आहेत. तू गप्प बस." आणि मी गप्प बसले. तेव्हाच अजून एकदा बोलायला हवं होतं, पण नाही बोलले.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुप्पट ताकदीचा बल्ब लावला. गिऱ्हाइकाला तो कधीच लावू द्यायचा नाही, कारण झाकण तापतं. तो झगझगीत उजेड, माझे तर डोळे दिपले. अर्ध्या तासात जळका वास यायला लागला. वर पाहिलं तर झाकण ओघळत होतं. मामा धावत आला, दार उघडलं. मामी सुई समोर धरून बसली होती, दोरा हातात. म्हणाली, "वास कसला येतोय हो? आणि जरा मोठा लावा ना, मंदच आहे अजून."

मामा दार धरून उभाच राहिला. मग त्यानं हळूच तिच्या हातातली सुई काढून घेतली.

डॉक्टर म्हणाले काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, वर्षभर आधी आला असतात तर उरलेली धरून ठेवता आली असती. कधीपासून त्रास आहे विचारलं तर मामाला तारीख आठवेना, महिना आठवेना. म्हणाला, पहिल्या बल्बापासून. डॉक्टरांना काही कळलं नाही. बाहेर बाकावर बसल्यावर मामा माझ्याकडे न बघता बोलला, "सगळं तपासलं गं. बघणारीला सोडून."

मामीनं त्याला एका शब्दानं बोल लावला नाही. उलट म्हणाली मीसुद्धा बल्बालाच शिव्या घालत होते की. त्यानं त्याला जास्तच लागलं असावं. नवं झाकण आणून ठेवलंय, डब्यात पडून आहे, लावत नाही.

आता मामीला जवळजवळ काहीच दिसत नाही. तरी संध्याकाळी ती गाडीतच येऊन बसते. मध्ये मामानं सगळ्यांसारखा एलईडी लावला, पांढराशुभ्र. मामीनं हल्लीच्या सवयीनं हात वर नेला, झाकणाखाली धरला आणि म्हणाली, अहो, लाईट गेलाय. मामा म्हणणार होता की चालू आहे. त्याचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. मग त्याच्या लक्षात आलं की एलईडी तापत नाही.

त्यानं डब्यातून जुन्या पद्धतीचा बल्ब काढला, आधीचाच, कमी ताकदीचा. रुमालात धरला, चिमट्यांत बसवला, झाकण दाबलं. आणि तिच्या शेजारी बसला. तो तापायला वेळ लागतो. मामी हात वर धरून बसली, हात दुखायला लागला तसा मामानं तिचं कोपर खालून धरलं. शटर उघडंच होतं, एक गिऱ्हाईक येऊन, बघून, परत गेलं.

बऱ्याच वेळानं मामी म्हणाली, "हां. लागला."