भिंतीकडे वळवलेला मॉनिटर

शेजारच्या टेबलावरच्याला माझा प्रोग्राम दिसू नये म्हणून मी मॉनिटर भिंतीकडे वळवला. जागा पुरेना, तेव्हा टेबलाखालचा कॉम्प्युटरचा खोकाही पायाने आत ढकलला. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर ज्या वायरने जोडलेले होते ती मागून निसटली, हे मला कळलं नाही. माझं लक्ष शेजारच्यावर होतं.

बडोद्यातल्या कारखान्यांत तेव्हा नुकतंच इंटरनेट आलं होतं. आमच्या साहेबांनी मला आणि शेजारच्याला जावा ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकायला सयाजीगंजातल्या क्लासला घातलं. मी वेब सर्व्हिस लिहायची, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरने सुट्या भागाचा नंबर विचारला की माझ्या कॉम्प्युटरने शिल्लक माल सांगायचा. विचारणारा प्रोग्राम शेजारच्याने लिहायचा. तो गुजराती, माझ्याच वयाचा, आणि बोलायला फार गोड. गोड बोलणाऱ्यांपासून आमचं घराणं पहिल्यापासून सावध. पणजोबा संस्थानच्या फौजेतून एकही लढाई न करता पेन्शनीत निघाले, ते बहुधा याच सावधगिरीमुळे.

त्यात कँटीनमध्ये कुणीतरी पुडी सोडली, की दोघांतला एकच इथे राहणार, दुसऱ्याची रवानगी तरसालीच्या गोदामात. चाळिशी उलटल्यावर पोती मोजायची माझी तयारी नव्हती.

शुक्रवारी साहेबांना दाखवायचं होतं. गुरुवारी सकाळी शेजारी म्हणाला, तुमच्याकडून उत्तरच येत नाही. मी माझ्याच कॉम्प्युटरवरून नंबर विचारून पाहिला. शिल्लक माल लगेच हजर. पुन्हा विचारला, पुन्हा हजर. म्हणजे खोट याच्यात, आणि ढकलतोय माझ्यावर. दुपारी त्याने थेपले पुढे केले. पोट बरं नाही म्हणून सांगितलं, आणि ते खातानाचा त्याचा चेहरा निरखत बसलो. निष्पाप दिसत होता. तेच जास्त खटकलं.

संध्याकाळी तक्रार करायला साहेबांच्या केबिनपर्यंत गेलो. ते फोनवर होते, म्हणून परत आलो, तर हा माझ्या टेबलाखाली. सापडला, म्हटलं.

"तिथे काय करताय?"

त्याने धुळीने भरलेलं डोकं बाहेर काढलं. "भाऊ, तमारो वायर तो बहार छे."

वायर लावली, आणि त्याच्या पडद्यावर आकडे आले. दिवसभर माझा कॉम्प्युटर स्वतःलाच विचारत आणि स्वतःच उत्तर देत बसला होता.

शुक्रवार नीट पार पडला. भीत भीत गोदामाचं काढलं, तर साहेब म्हणाले, कसलं गोदाम? विचारणारा आणि सांगणारा, दोघंही लागणार.

रात्री जेवताना बायकोला सगळं सांगितलं. वर म्हटलं, "माझी बदली झाली असती तर तू काय म्हणाली असतीस? म्हणाली असतीस, बरंच झालं, तरसाली घराजवळ आहे. पण तसं नसतं गं ते."

तिने आमटी वाढली.

"तुमची वायर अजून बाहेरच आहे वाटतं."