शंभर टक्के कांदे

माझ्या मुलीच्या लग्नाला आचारी दोन दिवस उशिरा आला, आणि अख्ख्या लग्नात ठरल्या वेळेवर आलेला माणूस तो एकटाच!

गडचांदूरला माझं बिछायत केंद्र आहे. एका फाटक्या सतरंजीवर सुरू केलं; आज मांडव, खुर्च्या, स्वयंपाकाचे गंज, कढया, सगळं आहे. (एक कढई गळते. तिच्यावर येतोच.) तालुक्यातली कितीतरी लग्नं मी कानावरच्या पेन्सिलीवर पार पाडली. आणि माझ्याच मनीषाच्या लग्नात घरच्यांनी कारभारी केलं कोणाला? माझ्या पुतण्याला! प्रशांत पुण्यात कम्प्युटर कंपनीत लागला होता, तेवढ्यावर. हे मी अजून विसरलेलो नाही.

दिवाळीत आला आणि मला बसस्टँडसमोरच्या इंटरनेट कॅफेत घेऊन गेला. पडद्यावर अख्खं लग्न मांडलेलं. प्रत्येक कामासमोर एक नाव, एक तारीख आणि काम किती टक्के झालं तो आकडा. झालं की हिरवं, रखडलं की लाल.

"काकाजी, तीनच गोष्टी पाळा," प्रशांत म्हणाला. "एका कामाले एकच माणूस. जेवढं झालं तेवढंच लिहायचं. अन् काही विचारायचं असन तर फोनवर नाई, इथीच लिहायचं, म्हंजे सगळ्याईले दिसते."

"काऊन? माणसाच्या तोंडावर विश्वास नाई राह्यला का?"

"तुमच्या तोंडाले भेऊनच तर हे आणलं!"

यादीत आम्ही तिघं. पुण्यात प्रशांत, गडचांदूरला मी, आणि गडचिरोलीला माझा साळा दिवाकर, सरकारी कचेरीतला बाबू. आचारी आणायचं काम दिवाकरकडे. आता कोणी म्हणेल, गडचांदुरात आचारी नाही का? आहे. लटारी. त्याच्या वांग्याच्या भाजीसाठी लोक लग्नाला जातात, नवरा-नवरीसाठी नाही. पण हा लटारी एकदा भर पंगतीत माझ्याकडे बोट करून म्हणाला होता, "यायची कढई गळते." गळत होती! पण बोलायची काय गरज होती? तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

तर यादी. कोणी सांगितलेला पहिला आकडा मी जन्मात मान्य केलेला नाही. प्रशांतने लिहिलं, 'पत्रिका वाटणे, आठ दिवस.' मी पाच केले. दिवाकरने दहा केले. भांडी काढायचं काम झालं होतं तीस टक्के. मी साठ लिहिले, म्हटलं, पोरगा घासाघीस करेल आणि चाळीसवर तुटेल. त्याने साठच धरले! असल्या माणसाशी सौदा करायचा तरी कसा?

मग मांडवाची पाळी आली. माझे बांबू जिवती गावाला दुसऱ्याच्या लग्नात अडकलेले, आणि इकडे पडद्यावर माझी ओळ लाल! मांडववाल्याचा मांडव लाल! कॅफेत चार माणसं बघत होती. मी ती तारीख दोन दिवस पुढे ओढली. भांडायच्या तयारीत बसलो, पण यंत्र हूं की चूं करेना. दुकानदार निदान 'परवडत नाही' म्हणतो. यानं मागितल्याबरोबर दोन दिवस देऊन टाकले! मला वाटलं, जिंकलो. (एवढ्या सहज मिळालेला सौदा फसवाच असतो, हे मीच गिऱ्हाइकांना सांगत आलोय.)

त्यानंतर पडद्यावर कोणाकोणाचं काहीबाही लिहिलेलं येऊ लागलं. प्रत्येकाखाली 'ओके' असं बटण. नातेवाइकांना जसं 'हो हो' करतो, तसं मी न वाचता ओके, ओके, ओके करत सुटलो.

लग्नाचा दिवस उजाडला. मांडव तयार, चुली खोदलेल्या, कांद्याची पोती उभी, मी नव्या सफारीत. दिवाकर बायको-पोरांसह एसटीतून उतरला.

"आचारी कुठी आहे?" मी विचारलं.

"आचारी? तो परवा येते नं, भाऊजी."

"परवा? लग्न आज आहे!"

"ते मले मालूम आहे. पण कम्प्युटरवर आचारी परवाच आहे. मी लिहून विचारलं होतं नं, लग्न झाल्यावर आचारी काऊन? तुमी ओके केलं! मले वाटलं, लटारीसंगची कट्टी मिटली असन, लग्नाचं जेवण तोच करन, अन् हा जावयाच्या परतीच्या जेवणाचा असन."

प्रशांतने पिशवीतून कागद काढला. कोणी काय बदललं, ते त्या यंत्रात नावानिशी राहतं, हे त्याने मला सांगितलंच नव्हतं! (सांगितलं असेल. मी ओके म्हटलं असेन.) तो सगळ्यांसमोर वाचू लागला.

"मांडव दोन दिवस पुढे, काकाजी. त्याले जोडलेला आचारी आपोआप दोन दिवस पुढे. लग्नाच्या तारखेले मी कुलूप लावलं होतं म्हणून ते जागेवर राह्यलं. दिवाकरमामाची शंका मंजूर, काकाजी."

बायको म्हणाली, "पंचवीस वर्षं मी बोंबलून राह्यली, कोणी मानत नव्हतं. आता कागदावर आलं!"

वरात तासा-दोन तासांवर. मनीषा हळदीच्या अंगाने बाहेर आली. "बाबा, लटारीकाकाकडे जा."

"मी? त्याच्या दारात?"

"मंग वऱ्हाड्याईले टक्के वाढू का?"

गेलो. लटारी ओट्यावर बिडी ओढत बसला होता.

"या. कढई विकाले आणली का?"

"लटारीभाऊ, पोरीच्या लग्नाची लाज राख."

"राखतो. पण माझी माणसं जिवतीले गेली. कांदे कोण चिरन?"

"मी माणसं देतो."

"माणसं नाई. तुमी."

"अर्धे चिरतो."

"सगळे."

"पाऊण?"

लटारी उठून दार लावू लागला. "सगळे! सगळे!" मी ओरडलो. समोरच्याने सांगितलेला भाव आयुष्यात पहिल्यांदा मान्य केला.

वरात आली तेव्हा मी मांडवामागे सफारीत बसून ढसाढसा रडत कांदे चिरत होतो. नवरदेवाचा बाप धावत आला आणि मला छातीशी धरलं. "इवाईबुवा, पोरीवर एवढा जीव!" बँड थांबला. बाया पदर डोळ्याला लावू लागल्या. फोटोवाल्याने फोटो काढला. माझी बायकोही पदरात तोंड खुपसून हमसत होती. ती हसत होती, हे मला एकट्याला कळत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मांडव सोडत होतो, तर गडचिरोलीचा आचारी चार माणसं घेऊन हजर! हातात दिवाकरने दिलेला कागद. एक मिनिट इकडे-तिकडे नाही. त्याला बसवलं, फ्रीजमधली उरलेली वांग्याची भाजी वाढली.

"भाजी झकास आहे," तो म्हणाला. "कांदा मात्र अनाडी माणसानं चिरला."

पुण्याला परतण्याआधी प्रशांतने कॅफेत मला ती यादी शेवटची दाखवली. खाली एक नवी ओळ होती, हिरवीगार. 'कांदे चिरणे. काकाजी. १०० टक्के.' माझ्या नावासमोर तेवढा एकच आकडा खरा होता.

मी म्हटलं, "एकशेवीस कर."

यंत्र पहिल्यांदा 'नाही' म्हणालं.