गेलेला पंप

आमच्या राजवाड्यामागच्या गल्लीतला तमिळ मेकॅनिक बॉनेट उघडायच्या आधीच निकाल देतो, ‘पोच्चु, ऐया!’ म्हणजे गेलं. बॅटरी, प्लग, क्लच, सगळ्यांना त्यानं असंच मारलंय.

बायकोच्या अस्थी घेऊन कावेरीवर निघालो, तर जुन्या गाडीचा स्टार्टर फिरे, पण इंजिन सुरू होईना. मेकॅनिकला बोलावलं. यानं पेट्रोलच्या टाकीला कान लावला. ‘पंप जरा... थकलाय, ऐया.’

बायको माझी गेली आणि जीभ याची अडखळली! म्हटलं, ‘गेला म्हण की. लाजतोस काय?’

त्यानं टाकीला खालून हातोडी ठोकली, मी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. तो हसला, मग सीटवरचा कलश बघून पुटपुटला, ‘पंपच तेवढा उठतो, ऐया.’

‘ठाऊक आहे. बस गाडीत.’