माझ्या हाताचं माप

लाकडाच्या धंद्यात मी शिरलो तो एका मोसमापुरता. कर्जतच्या एका मालकाने मोटार लॉरी घेतली होती. कशेळ्याच्या वरच्या अंगाला ठाकरवाडीतली माणसं जळाऊ लाकूड तोडत आणि लॉरी ते स्टेशनाजवळच्या वखारीत आणून टाकी. मी मराठी सातवीची फायनल पास झालेला, म्हणून मला मापावर घेतलं. रस्त्याकडेला रचलेली लाकडांची थप्पी मोजायची, ती लॉरीत चढवून घ्यायची आणि त्याच लाकडांवर बसून गचके खात कर्जत गाठायचं, हे माझं काम. लॉरीवर चढताना मी आधी दगड शोधायचो आणि ड्रायव्हर हसायचा. चढ आला की मात्र लॉरीच दमायची, आणि तिला ढकलायला सगळे सारखेच लागायचे.

मी कामावर लागलो त्याच आठवड्यात भांडण पेटलं. मजुरी थप्पीवर होती, आणि थप्पी म्हणजे आठ हात लांब, चार हात उंच. मोजायला मालकाची एक हातभर काठी असे. ती दर मोसमाला बोटभर वाढते, हे वाडीच्या ध्यानात आलं आणि वाडीने कुऱ्हाडी खाली ठेवल्या. तीन दिवस लॉरी रिकामी उभी राहिली, तेव्हा कुठे मालक ताळ्यावर आला. वाडीतल्या जाणत्या म्हाताऱ्याने मालक, ड्रायव्हर, क्लीनर आणि मी, असं आम्हा चौघांना रांगेत उभं केलं. प्रत्येकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग माझं मनगट धरून म्हणाला, "काठी नको. ह्याच्या हातानं मोजा."

तेव्हापासून माझा हात हेच माप झालं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. जिथे बोट टेकेल तिथे पुन्हा कोपर. ऐनाच्या खरबरीत सालीवर कोपर घासून घासून घट्टा पडला. वाकडी लाकडं रचून मधे पोकळी ठेवली असेल तर तिथे हात घालायचो. खांद्यापर्यंत आत गेला की थप्पी मोडायला लावायचो. वाडीची माणसं कुरकुरत, पण मोडत. मला केवढा अभिमान वाटायचा! चौघांतून त्या म्हाताऱ्याने मलाच निवडलं होतं. बायको तेव्हा खोपोलीला माहेरी होती. तिला मी पत्रात लिहिलं, की या गरिबांचा साऱ्या जगात फक्त माझ्या हातावर विश्वास आहे.

पण मोसम संपला, दुसरा आला, आणि माझी सुटका काही होईना. सख्ख्या मेहुणीच्या लग्नाला जाता आलं नाही. एकदा हिवतापाने फणफणलो, तर मला घोंगडीत गुंडाळून लॉरीतून नेलं. क्लीनरने माझा हात धरून थप्पीवर टेकवत टेकवत माप पुरं केलं. मी माणूस आहे की शिंप्याची फीत, असा संताप आला. बोलायची सोय नव्हती.

अशात सासऱ्यांचं पत्र आलं. खोपोलीच्या वीजघरात कारकुनाची जागा होती, राहायला दोन खोल्या होत्या, फक्त सोमवारी हजर व्हायचं होतं. खाली बायकोने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, "अंगाला भुसा लागलेला नवरा मला चालेल, पण महिन्यातून एकदा दिसणारा चालणार नाही."

मालकाला सांगितलं. तो म्हणाला, "जा की, तुला कोणी बांधून ठेवलंय? काठी आहेच माझी." आणि हसला. त्या हसण्याने मला बांधून ठेवलं. मी एक कळक घेतला, माझ्या हाताएवढा बरोबर कापला, दोन्ही टोकांना खुणा केल्या आणि म्हाताऱ्याकडे नेला. त्याने तो न बघताच परत दिला. "काठीला पाय फुटतात रं. हात बरा."

झालं. मी गेलो की ती काठी परत येणार आणि वाडी नागवली जाणार, हे मला लख्ख दिसत होतं. रविवारी मी सासऱ्यांना नकार कळवला. जागा दुसऱ्याला गेली. बायकोने दोन महिने पत्र लिहिलं नाही. मग एक दिवस ट्रंक घेऊन कर्जतला आली आणि वखारीमागच्या धुरकट खोलीत संसार मांडून बसली. माझी कड घेऊन आईवडिलांशी भांडून आली होती.

मिरगाच्या तोंडावर शेवटच्या थप्पीशी मी आणि म्हातारा बसलो होतो. मला कौतुक ऐकायची हौस आली. विचारलं, "बाबा, त्या दिवशी चौघांत माझ्याच तोंडावर इमान दिसलं ना?"

म्हातारा तंबाखू मळायचा थांबला. "इमान? ते तोंडावर कुठं दिसतं? चौघांत तुझा हात आखूड हाय. आखूड हात, लहान थप्पी."

मी पुन्हा विचारलं, "आणि मी खोपोलीला गेलो असतो तर?"

"तर जायचं! कर्जतात बुटकी मानसं काय थोडी हायत? दुसरा धरला असता आमी." मग माझ्याकडे बघून जरा नरमाईने म्हणाला, "तू जायचं बोललाच नायस कधी. निस्ती काठी दाखवलीस."

त्यानंतर मी आणखी नऊ मोसम तिथे माप घेतलं. वीजघरातली जागा पुन्हा निघाली नाही. त्या खोलीत धुराने बायकोला खोकला धरला तो कायमचाच. घरी कोणी पाहुणा आला, की पानात भाकरी वाढताना ती सांगायची, "यांना खोपोलीची नोकरी चालून आली होती, पण त्या गरिबांचा विश्वास मोडवेना." मी मान खाली घालून जेवत असे. तिला खरं सांगायचा धीर मला शेवटपर्यंत झाला नाही.