घरजावयाचं मत

चौलचा काळूराम घरजावई होता, पण हे त्याच्या तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. सासऱ्याला मुलगा नाही, म्हणून नारळी-सुपारीची वाडी लेकीच्या, सगुणाच्या नावावर चढलेली. चावडीवर मात्र वीस वर्षं काळूरामच जाई. शेतसारा भरी, चार गप्पा हाणी, कागदाला बायकोचा अंगठा लागला तर कागद घरी आणून उमटवून नेई. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच; फक्त या नागोबाला फेटा होता.

एकोणीसशे सदतीस साली निवडणूक आली. प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळ्या रंगाची. सारा ज्याच्या नावावर, मत त्याला. म्हणजे मत सगुणाला, काळूरामला नाही! ही सरकारची नजरचूक समजून त्याने ती मनावर घेतली नाही. उलट एका उमेदवाराकडे मटण जेवून "आमचं मत हिरव्या पेटीत" असा शब्दही देऊन आला.

मतदानाच्या दिवशी कोट चढवून, साऱ्याची पावती घेऊन स्वारी रांगेत उभी राहिली.

"सगुणाबाई कोण?" कारकुनाने विचारलं.

"मीच धरा," काळूराम म्हणाला. "तिचा समदा कारभार माज्याकडंच हाय."

रांगेतल्यांची हसून मुरकुंडी वळली. कारकुनाने त्याला बाहेरची वाट दाखवली.

घामाघूम होऊन तो वाडीत पोचला. सगुणा अंगणात सुपारी वाळत घालत होती.

"चल लवकर! हिरवी पेटी. मी शब्द दिलाय."

"शब्द तुमी दिला, मटन तुमी खाल्लं. मत तेवढं माजं व्हय?" तिने हात धुतले, ट्रंकेतलं नवं लुगडं नेसली आणि निघाली. "सुपारीवर लक्ष ठेवा. म्हैस मोकळी हाय."

काळूराम दुपारभर म्हैस हाकत बसला. शब्द खोटा ठरला तर गावात तोंड कुठे दाखवायचं?

ती परतली तशी तो उठलाच. "हिरवीच ना?"

"वीस वर्सं तुमी चावडीवर जाताय. तिथं काय बोललात, ह्ये कदी घरी सांगितलंत?"

काळूरामला रागावायचं होतं, पण लाजच वाटली. ती कशी लपवायची हेही कळेना.

संध्याकाळी उमेदवाराचा माणूस दारात आला. "काय काळूरामशेट, हिरवी ना?"

काळूरामने एकदा ओसरीवर बसलेल्या सगुणाकडे पाहिलं.

"मला काय ठाव?" तो म्हणाला. "वाडीच्या मालकिणीला इचारा."