काचेखालचं धुकं

लॅबमधली मंडळी तिला पाठीमागे 'पुन्हाबाई' म्हणत. कुणीही स्लाइड वाचून आलं की तिचं उत्तर ठरलेलं असे, "पुन्हा बघ." सव्वीस वर्षं मायक्रोस्कोपपुढे बसून मान वाकली होती, तोरा मात्र ताठ होता. आधी कमी पॉवरची लेन्स, जागा सापडली की मोठी, तेलाचा थेंब फक्त शंभर पटीच्या लेन्सला आणि काम संपलं की तेल पुसायचं, हे ती नव्या माणसांकडून अक्षरशः घोटून घेई. तेल पुसायचं राहिलं की दुसऱ्या दिवशी कुणाची तरी खरडपट्टी निघे. बहुतेक वेळा शेजारच्या टेबलावरच्या धांदरटची. हे नावही पुन्हाबाईनंच ठेवलेलं, तेही चारचौघांत. तेव्हापासून दोघींत कामापुरतंच बोलणं होतं.

त्या दुपारी पुन्हाबाईसमोर आली ती तिच्या भाचीच्या रक्ताची स्लाइड. धाकट्या भावाची सात वर्षांची मुलगी. चार दिवस अंगात ताप, आणि सकाळपासून हाक मारली तरी डोळे उघडत नव्हती. वॉर्डातल्या डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "मलेरिया असेल तर लगेच औषध चालू करतो. नसेल तर मेंदूज्वर आहे का, ते पाठीतून पाणी काढून बघावं लागेल. अर्ध्या तासात सांगा."

भाऊ लॅबच्या दारातच उभा होता. "ताई, काय दिसतंय?"

"तू बाहेर बस बघू. डोक्यावर उभा राहिलास म्हणून जंतू लवकर दिसणार नाहीत."

शंभर फील्ड, म्हणजे लेन्सखाली एका वेळी दिसणारे शंभर गोल, पाहिल्याशिवाय 'नाही' लिहायचं नाही, हा तिचाच दंडक. चाळीस झाली, साठ झाली. लाल पेशी दिसत होत्या, पण त्यांच्यावर पातळ सायीसारखं धुकं होतं. स्लाइडला रंग धांदरटनं दिला होता, म्हणजे खापर फोडायला डोकं तयारच होतं. तरी सवयीनं तिनं आधी धुकं नेमकं कुठं आहे याची परीक्षा घेतली. डोळा लावायचा भाग, आयपीस, फिरवला. आयपीसवरची घाण असती तर ती सोबत फिरली असती. धुकं फिरलं नाही. स्लाइड सरकवली, ते सरकलंही नाही. लेन्स पुसून नवं तेल घातलं. धुकं तसंच. डावा डोळा लावून पाहिला, तर त्यातही तेच, थोडं कमी.

इथवर आलं की ती नव्या मुलींना हसून सांगे, "आता स्वतःचा डोळा पुसून या." आज धुकं तिच्याच डोळ्यांत होतं. गेले काही महिने संध्याकाळी दिव्यांभोवती कडी दिसत होती. चष्म्याचा नंबर वाढला असेल, म्हणून तिनं ते मनावर घेतलं नव्हतं.

फोन वाजला. वॉर्डातले डॉक्टर होते. "काय निघालं?"

'नाही' म्हणावं तर अब्रू झाकली जाणार होती आणि पोर मात्र जिवानिशी जाऊ शकत होती.

"पाच मिनिटं द्या," असं म्हणून तिनं फोन ठेवला आणि शेजारी वळली. "जरा इकडे येतेस?"

"आता माझं काय चुकलं?" धांदरटनं विचारलं.

"तुझं काही नाही. मला दिसत नाहीये. तू बघ."

धांदरट हातातलं काम टाकून आली. मग खुर्चीत बसली. एरवी सगळं घाईघाईनं उरकणारी ती बाई आज एकेक फील्ड सावकाश पाहत होती, आणि पुन्हाबाईला ती दोन मिनिटंही काढवेनात.

"आहेत. अंगठीसारखे, जांभळ्या ठिपक्याचे. एकेका फील्डमध्ये तीन-तीन."

"पुन्हा बघ."

"बघितलं. आहेतच."

पुन्हाबाईनं वॉर्डात फोन लावला. औषध चालू झालं. भावानं दारातच तिचे दोन्ही हात धरले. "ताई, तू होतीस म्हणून." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं हात सोडवून घेतले आणि त्याला मुलीजवळ पाठवलं.

आत येऊन तिनं कपाट उघडलं आणि जुन्या स्लाइडचे खोके एकेक करून टेबलावर काढायला घेतले.

"हे काय शोधताय?" धांदरटनं विचारलं.

"मी ज्यांना 'नाही' लिहून दिलं, त्या सगळ्यांच्या स्लाइड. तू बघायच्यास."

धांदरटनं खुर्ची पुढे ओढली, लेन्स पुसली आणि विचारलं, "कुठल्या तारखेपासून?"

दिव्यांभोवतीची कडी पहिल्यांदा कधी दिसली, ते पुन्हाबाईला आठवेना; तिनं आणखी मागचा खोका काढला.