सत्तेचाळीस बिनछाप मतं

इनिशदारा बेटावर ऊना गिल्डेला कुणी नावाने हाक मारत नसे. तिला सगळे ‘बाई’ म्हणत. तीस वर्षं ती तिथल्या एकखोली शाळेत शिकवत होती आणि बेटावरच्या चाळिशीच्या आतल्या प्रत्येकाने तिच्या हातची पट्टी खाल्ली होती. मुलाने वहीवर नाव घालायला विसरावं, की बाई ती वही न वाचता परत फेकायच्या. “नाव नाही, म्हणजे वही नाही!” असं म्हणताना त्यांचा आवाज बाहेर धक्क्यापर्यंत ऐकू जायचा.

निवडणूक आली की मतदान शाळेतच व्हायचं आणि केंद्राध्यक्षाच्या खुर्चीत बाईच बसायच्या. सत्तावन सालापासून एकही निवडणूक त्यांनी चुकवली नव्हती. शेजारच्या खुर्चीत कारकून म्हणून कॉन्डी वॉर्ड असे. यादीत नाव शोधायचं, त्यावर रेघ ओढायची, एवढंच त्याचं काम. कॉन्डीचा डावा पाय लहानपणी हाडाच्या क्षयाने गेला होता. दोन वर्षं तो अंथरुणाला खिळला, तेव्हा बाई रोज संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन त्याला शिकवत. होडीवर त्याला कुणी घेत नसे, म्हणून चाळिशी गाठली तरी तो घरीच बसून शेवंडं पकडायचे पिंजरे विणायचा. निवडणुकीच्या दिवशी मात्र तो कोट घालून सरकारच्या टेबलाशी बसे, आणि त्याची आई हॅना त्याला बघायला म्हणून तीनतीनदा शाळेवरून जाई.

एकोणऐंशी सालची निवडणूक वेगळी होती. जिल्ह्याच्या कौन्सिलचं मतदान नेहमीचंच, पण त्याच दिवशी स्ट्रासबुर्गच्या युरोपीय संसदेसाठीही मत द्यायचं होतं. नऊ देशांची एक संसद, आणि आमच्या देशाच्या पश्चिमेच्या अख्ख्या किनाऱ्याला मिळून त्यात तीन जागा. बेटावर महिनाभर दुसरा विषय नव्हता.

“तिथं फ्रेंच बोलतात म्हणे. आपला माणूस काय, हातवारे करणार?”

“हेरिंग मासळी कुणी किती धरायची ते तिथंच ठरतंय ना आता? मग हातवारे का होईना, करू दे की!”

युरोपसाठी उमेदवार म्हणून उभा होता डोनल ब्रेस्लिन, मच्छीमारांच्या सोसायटीचा माणूस. तो स्वतः होडीने बेटावर आला, ओल्या धक्क्यावर उभं राहून बोलला, आणि हॅनाच्या घरी चहा पिऊन गेला. हॅना एक्याऐंशीची होती. तिचे दोन्ही थोरले मुलगे मासे संपले म्हणून ग्लासगोला गेले ते गेलेच. ब्रेस्लिनचा हात धरून ती म्हणाली, “माझं मत तुला. मोठ्या संसदेत सांग, हॅनाची पोरं परत पाठवा म्हणावं.”

त्या वर्षी टपालाचा संप चालू होता. सूचनांचा कागद टपालाने न येता मतपेटीबरोबर होडीतूनच आला. चार पानं, बारीक छपाई. बाईंनी तो घडी घालून टेबलाच्या खणात टाकला.

मतदानाच्या सकाळी दार उघडायच्या आधी खोलीत दोघंच होते. बंदोबस्ताचा पोलीस चहा घ्यायला शेजारी गेला होता. मतपत्रिका मतदाराला देण्याआधी तिच्यावर लोखंडी चिमट्याने सरकारी खूण दाबायची असते. बारीक भोकांची नक्षी उमटते. खूण नसलेला कागद मोजणीत धरत नाहीत. कॉन्डीने युरोपच्या मतपत्रिकांचा गठ्ठा उचलला आणि विचारलं, “बाई, यांनाही खूण दाबायची ना?”

“कौन्सिलच्या दाबल्या की झालं. या वेगळ्या आहेत, छापूनच आल्यात.”

“कागदात बघू का एकदा? खणात आहे तो...”

“कॉन्डी, तुला नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून मी तुला शिकवतेय. मला शिकवू नकोस. तू त्या फक्त हातात दे.”

कॉन्डीने मान खाली घातली. दिवसभर बाई कौन्सिलच्या मतपत्रिकेवर चिमटा दाबत राहिल्या आणि कॉन्डी शेजारून युरोपची पत्रिका देत राहिला. सत्तेचाळीस जण आले. हॅना तर लग्नातली टोपी घालून आली. पेन्सिल तोंडात ओली करून तिने ब्रेस्लिनच्या नावासमोर पहिल्या पसंतीचा एकचा आकडा काढला आणि घडी घातलेला कागद पेटीत टाकताना मोठ्याने म्हणाली, “जा बाबा, सुखरूप जा!” सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या.

मोजणी रविवारी, मुख्य भूमीवरच्या गावात एका मोठ्या हॉलमध्ये झाली. बेटावरच्या मासेवाल्या ह्यूई कोलने ब्रेस्लिनचा माणूस म्हणून कठड्याशी जागा धरली होती. त्याला बेटावरच्या प्रत्येकाचं मत आधीच तोंडपाठ होतं. पत्रिका उलगडल्या की ते फक्त आपल्या कागदावर उतरवायचं होतं. बाईही त्याच्या शेजारी उभ्या होत्या. आपली पेटी उघडताना बघायची त्यांना हौस होती.

मोजणीच्या टेबलावरच्या मुलीने पहिला कागद उलगडला, उजेडाकडे धरला आणि बाजूला ठेवला. दुसरा धरला, बाजूला ठेवला. पाचव्या-सहाव्याला तिने मोजणीच्या साहेबाला हाक मारली.

“हे काय चाललंय?” ह्यूई ओरडला. “आमची मतं बाजूला का टाकताय?”

“खूण नाही एकावरही,” साहेब म्हणाला. “सगळी बाद.”

बाईंना वाटलं, आपल्या पायाखालची फळी कुणीतरी काढून घेतली. खणात घडी घातलेला तो कागद त्यांच्या डोळ्यांपुढे आला. साहेब त्यांच्याकडे वळला. चढ्या आवाजात बोलला असता तर बरं झालं असतं, पण तो अगदी अदबीने म्हणाला, “मिस गिल्डे, या पत्रिका कोणी दिल्या मतदारांना?”

आणि बाई म्हणाल्या, “युरोपच्या... कॉन्डी देत होता.”

शब्द न् शब्द खरा होता. साहेबाने काहीतरी लिहून घेतलं. ह्यूईने कठड्यावर मूठ आपटली. “कॉन्डी! एक काम सांगितलं होतं त्या लंगड्याला, एक!”

तिथल्या तिथे तोंड उघडायला बाईंना पुरेसा वेळ होता. ह्यूई कितीतरी वेळ शिव्या देत होता. पण त्या कठड्यावरचा खिळा बोटाने चाचपत उभ्या राहिल्या.

ब्रेस्लिन हरला, तोही हजारो मतांनी. आमची सत्तेचाळीस धरली असती तरी हरलाच असता. पण परतीच्या होडीत ह्यूई म्हणाला ते सगळ्यांच्याच मनात होतं, “हरला तर हरला. पण ढिगात आपली मतं असायला हवी होती. आपण होतो हे तरी दिसलं असतं.”

बातमी होडीआधी पोचल्यासारखी घरोघर गेली. त्या आठवड्यात कॉन्डीला ‘बिनछाप’ हे नाव पडलं. दुकानात तो शिरला की कुणीतरी पावाचा कागद उजेडाकडे धरायचं आणि बाकीचे हसायचे. कॉन्डी पाव घेऊन निघून जायचा. बाईंच्या समोरून जाताना तो पूर्वीसारखाच टोपीला हात लावून ‘बाई’ म्हणायचा. त्याने कधी ‘बाई’ या शब्दापुढे काही म्हटलं नाही, आणि बाईंना ते रोज नव्याने लागायचं.

हॅना मात्र हसली नाही. तिने दारात बसून मुलाला सगळ्यांदेखत विचारलं, “माझं मत तू समुद्रात टाकलंस का रे?” कॉन्डी म्हणाला, “चूक झाली, आई.” बाई तेव्हा रस्त्याने चालल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. पावलं अडली, पण मान वळली नाही. त्या तशाच घरी गेल्या, आणि किटली चुलीवर ठेवून पाणी आटेपर्यंत समोर बसून राहिल्या.

सांगू, पुढच्या रविवारी सांगू, असं त्या स्वतःशी म्हणत राहिल्या. दर रविवारी काहीतरी निघायचं. कधी पाद्री आलेले असायचे, कधी कुणाचं बारसं, कधी नुसताच पाऊस. दोन वर्षांनी शरद ऋतूत हॅना गेली. बाई रात्रभर इतर बायकांबरोबर तिच्या उशाशी बसल्या, जपमाळेची प्रार्थना म्हणाल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की ज्या एका माणसाला सांगायलाच हवं होतं ते आता ऐकणार नाही.

चौऱ्याऐंशीच्या वसंतात जिल्ह्याकडून पत्र आलं. जूनमध्ये युरोपची निवडणूक. मिस ऊना गिल्डे यांनी पूर्वीप्रमाणे केंद्राध्यक्षपद स्वीकारावं. कारकून नवा मिळेल. ते ‘पूर्वीप्रमाणे’ वाचून बाईंना कानशिलात बसल्यासारखं झालं. त्या तशाच उठून कॉन्डीकडे गेल्या.

तो दारात पिंजरा विणत बसला होता.

“कॉन्डी, ती चूक माझी होती. तू विचारलं होतंस. मी तुला गप्प केलं. आणि साहेबांनी विचारलं तेव्हा मी तुझं नाव घेतलं.”

“ठाऊक आहे मला, बाई. मी शेजारच्याच खुर्चीत होतो की.”

“मग बोलला का नाहीस?”

कॉन्डीने दोरीला गाठ मारली. “पहिल्यांदा वाटलं, पुढच्या होडीला तुम्हीच सांगाल. दोन वर्षं माझ्या उशाशी बसलेलं माणूस, सांगणारच. मग वाटलं, नाताळपर्यंत सांगाल. मग आई गेली.” त्याने गाठ ओढून घट्ट केली. “ती शेवटच्या आठवड्यात ग्लासगोच्या पोरांची नावं घेत होती. माझं घेतलं तेव्हा म्हणाली, जाऊ दे, त्याचा पाय लहानपणीच गेला, डोकं तरी कुठून येणार.”

बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“रडू नका,” कॉन्डी म्हणाला. आवाज चढला नव्हता. “माझ्या दारात नको. लोकांना सांगायचं तर सांगा, नाहीतर राहू द्या. मला आता दोन्ही सारखंच.”

रविवारी प्रार्थना संपल्यावर चर्चच्या अंगणात बाई पायरीवर उभ्या राहिल्या. त्यांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. सगळं सांगितलं. खणातला कागद, कॉन्डीचा प्रश्न, नाक पुसण्याचं बोलणं, मोजणीच्या हॉलमधलं ते अर्धं वाक्य, काही वगळलं नाही. वाटलं होतं, कुणीतरी ओरडेल. कुणी ओरडलं नाही. लोक जमिनीकडे बघत होते. पाच वर्षं पावाचे कागद उजेडाकडे धरणारी ती माणसं, त्यांनाही तोंड कुठे लपवावं कळेना. ह्यूई एवढंच म्हणाला, “बाई, हे आम्हाला आधी कळायला हवं होतं,” आणि कॉन्डीला शोधू लागला. कॉन्डी केव्हाच निघून गेला होता.

बाईंनी जिल्ह्यालाही लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं: पत्राची नोंद घेतली आहे, अन्य व्यक्तीची नेमणूक करण्यात येत आहे. मुख्य भूमीवरून एक तरुण मास्तर अध्यक्ष म्हणून आला. बाईंच्या पत्रात शिफारस होती, म्हणून असेल, कारकुनाची खुर्ची पुन्हा कॉन्डीला दिली गेली. त्याने जरा विचार करून घेतली.

मतदानाच्या दिवशी दुपारपर्यंत अकराच जण फिरकले. बाई घरोघर गेल्या. बऱ्याच घरांत लोक चहा विचारत, हवेबद्दल बोलत, आणि जागचे हलत नसत. ह्यूई गवत कापत होता. “मागच्या वेळी मी ठेवणीतला सूट घालून आलो होतो, बाई,” तो म्हणाला. “आता मनच होत नाही.” त्याने पुन्हा कोयता उचलला.  त्याला समजावण्याचा आपल्याला हक्क उरलेला नाही, हे कळून बाई निघाल्या.

संध्याकाळी त्या एकट्याच शाळेत गेल्या आणि टेबलासमोर उभ्या राहिल्या. या बाजूने ते टेबल त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. कॉन्डी कोट घालून बसला होता. यादीवर त्याची पट्टी आडवी धरलेली होती. त्याने वर पाहिलं.

“नाव?” त्याने विचारलं.

नियमच तसा होता. बाईही वर्षानुवर्षं ओळखीच्या शेजाऱ्यांना तसंच विचारत आल्या होत्या.

“ऊना मार्गारेट गिल्डे,” त्या म्हणाल्या.

कॉन्डीने पट्टी खाली सरकवली, नाव सापडेपर्यंत शांतपणे शोधलं, आणि त्यावर सरळ रेघ ओढली.